बाभळीची मूठ

“उघडल्या उघडल्या भाऊजी म्हणतील, ह्यांच्या घरात हत्यार गंजलं,” आई स्वयंपाकघरात बाबांना म्हणाली.

आवाज दबका होता, म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. पण आमच्या नेरुळच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त फ्रिज आहे. मी ऑफिसच्या कॉलवर होते, माइक बंद ठेवून. बाबा “बघू” म्हणाले, चपला घातल्या आणि मार्केटला निघून गेले. बाबा वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी आहेत. गोणी पाठीवर घेताना ते कुणाचा हात मागत नाहीत. पण थोरल्या भावाचा विषय निघाला की त्यांच्याकडे ‘बघू’ एवढंच उत्तर असतं. थोरले काका तेव्हा इथेच होते; गावाहून बाबांना इथे आणलं ते काकांनी, माथाडींच्या टोळीत कामाला लावलं ते काकांनी. त्या गोष्टीला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली, तरी बाबा काकांसमोर अजून नवीन आल्यासारखे उभे राहतात.

हत्यार म्हणजे एक जुना शिकारीचा सुरा. आमचे पणजोबा साताऱ्याकडच्या डोंगरात कुणा सरदाराच्या शिकारीला हाकारे घालून जनावर उठवायला जायचे, तिथे तो त्यांना बक्षीस मिळाला असं घरात सांगतात. हातभर नाही, वीतभरापेक्षा थोडं मोठं पातं आणि सांबरशिंगाची मूठ. आता तो आमच्या तीन घरांत आळीपाळीनं फिरतो: गावी थोरले काका, नावड्याला मधले काका आणि आम्ही. ज्याचं वर्ष असेल त्याच्या घरी खंडेनवमीला सगळे जमतात. पूजा मात्र कुठेही असली तरी दूधपाणी घालून थोरले काकाच करतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सुरा लाल फडक्यात बांधून पुढच्या घरी जातो आणि वर्षभर ते फडकं कुणी सोडत नाही. पूजेचं हळदकुंकू पुसायचं नाही, वाहिलेलं तसंच राहू द्यायचं, हा घरचा नियम.

हे वर्ष आमचं होतं. सुरा देवघराच्या वरच्या फळीवर होता. फडक्यावर एक तपकिरी डाग बाहेर आला, रोज थोडा मोठा होत गेला, तेव्हा आईनं कोपरा उचलून आत पाहिलं होतं आणि लगेच पुन्हा बांधून टाकलं होतं.

तिची भीती कशाची आहे ते मला माहीत होतं. मागच्या वेळी आमचं वर्ष असताना घट नीट उगवला नव्हता. परडीतलं धान पिवळं, खुरटं राहिलं. थोरले काका सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, “मुंबईवाल्यांकडं देवालाबी ऊन मिळत न्हाई.” सगळे हसले. आईही हसली. त्यानंतर गावी गेलो की ती पुढच्या सोप्यात येत नाही. काका जेवायला बसले की मागच्या दारी भांडी घासत राहते, भांडी संपली तरी. आणि ह्या वर्षी काका फोनवर आधीच बोलून गेले होते, की शहरात हत्याराची निगा होत नसेल तर ते गावीच राहील, उगाच फिरवायला नको. निगा होत नाही म्हणजे कुणाकडून, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

शनिवारी आई भाजी आणायला गेली, बाबा कामावर होते. मी स्टुलावर चढून गाठोडं खाली घेतलं. बायकांनी त्याला हात लावायचा नाही असं आमच्यात कुणी म्हणत नाही, पण लावलेला मी कधी पाहिलाही नव्हता.

फडकं पात्याला चिकटलं होतं. सोडवताना करकर आवाज आला. गंज नुसता वर नव्हता, त्याचे पापुद्रे सुटत होते. शिंगाच्या मुठीला उभी चीर गेली होती. ही मूठ दोन तुकड्यांची होती. पात्याचंच पोलाद पट्टीसारखं मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगाचा एकेक तुकडा, पितळी खिळ्यांनी बसवलेला. मला फक्त पातं साफ करायचं होतं. साफ करून परत बांधून ठेवायचं, काका उघडतील तेव्हा ते चमकेल आणि कुणी काही बोलणार नाही, एवढाच माझा विचार होता. गंज काढायचे व्हिडिओ मी आठवडाभर बघत होते, हेडफोन लावून.

कपडे वाळत घालायच्या गॅलरीत बसून मी पातं व्हिनेगरमध्ये भिजवलं, मग पॉलिश पेपर घेतला. पहिल्या अर्ध्या तासात पाणी विटकरी झालं आणि पोलादाचा राखाडी रंग दिसायला लागला. मला बरं वाटलं. मग पकड नीट यावी म्हणून मूठ घट्ट धरली आणि शिंगाचा एक तुकडा माझ्या तळहातातच सुटून आला.

मी तो लगेच परत जागेवर दाबला. तो बसेना. दुसरा तुकडाही हलत होता. खाली लिफ्टचं दार वाजलं की मला आई आली असं वाटायचं. गंज लपवता आला असता. सुटलेली मूठ लपवता येणार नव्हती. आता परत बांधून ठेवलं असतं तर काकांच्या हातात ती गळून पडली असती, सगळ्यांसमोर, आमच्या घरात.

मग मी आत पाहिलं. शिंगाखाली पोलादावर गंजाचा जाड थर होता, पण तो नुसता तपकिरी नव्हता. नखानं खरवडला तर एक पट्टा लालसर निघाला, खाली तपकिरी, त्याखाली पिवळट, परत तपकिरी. कुंकू, गंज, हळद, गंज. मध्ये एक तांदळाची कणी होती, काळी पडलेली. पूजेच्या अक्षतांमधली. दरवर्षीचं दूधपाणी मुठीत झिरपत होतं आणि वर्षभर ओल्या फडक्यात तिथेच राहत होतं. गंज आतून फुगला आणि त्यानं शिंग फोडलं. पात्यावर मुठीजवळ एक खोल खड्डा होता, बाकी कुठेही नव्हता इतका. मी त्यावर अंगठा ठेवला. बरोबर बसला. काका कुंकू लावतात ती ही जागा.

गावच्या कोरड्या हवेत हे हळू होत असणार. आमच्याकडे खाडी जवळ. आमच्याकडे कपाटातल्या टाचण्यासुद्धा गंजतात.

आई आली तेव्हा गाठोडं फळीवर होतं, आत एक जुनं, वापरात नसलेलं लाटणं. खरा सुरा माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता, जुन्या ओढणीत.

नवीन शिंग मिळतं का ते मी शोधलं. पहिल्याच पानावर दिसलं की असलं शिंग विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. मी फोन उलटा ठेवून दिला. लाकूडच बघायचं ठरवलं. पण लाकडाला भोकं पाडायला ड्रिल हवं आणि भोकं जुळवायला सुरा सोबत न्यायला हवा.

कळंबोलीला ट्रकच्या बॉड्या बांधणारे सुतार बसतात, हे मला बाबांच्या बोलण्यातून माहीत होतं. मी रिक्षा केली. नवरात्र जवळ आलेलं, सर्कलच्या अलीकडे पोलिसांनी बॅरिकेड लावले होते. रिक्षा रांगेत थांबली. बॅग माझ्या मांडीवर होती आणि मला एकाएकी ती फार जड वाटायला लागली. मी मनात वाक्य तयार करत होते. माझी सगळी वाक्यं आधी इंग्रजीत तयार होतात, मग मी ती मराठीत आणते, आणि तोपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असतो. हा सुरा पूजेचा आहे. हा आमच्या पणजोबांचा आहे. दोन वाक्यांतच ते खोटं वाटायला लागलं. एक बाई पोलीस रिक्षाजवळ आली, आत वाकली, माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. तिनं विचारलं, कुठे चाललात. मी म्हटलं, कामाला. तिनं हात हलवून रिक्षा पुढे काढायला सांगितली. माझ्यासारख्या मुलीच्या बॅगेत काही असेल असं कुणाला वाटत नाही. पुढचा सिग्नल येईपर्यंत मी बॅगेची चेन दोन्ही हातांनी धरून बसले.

सुताराच्या शेडमध्ये चार-पाच माणसं चहा पीत होती. मी ओढणी उलगडली तसा एकजण म्हणाला, “मॅडम, कोणाचा गेम वाजवायचाय?” बाकीचे हसले. मी म्हटलं, खंडेनवमीचं आहे. ते ऐकून सुतारानं कप खाली ठेवला आणि विचारलं की शिंग कुठे गेलं. मी फुटलं एवढंच सांगितलं. त्यानं कोपऱ्यातून एक फळीचा तुकडा काढला. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या मागच्या फाळक्याचं, म्हणजे माल उतरवताना खाली पाडतात त्या दाराचं लाकूड होतं, बाभळीचं, वर निळा रंग अजून होता. म्हणाला, ह्याच्यावर किती टन माल चढला-उतरला असेल, तुमच्या सुऱ्याला मरण नाही आता. तो कापत असताना एक ट्रकमालक येऊन त्याच्यावर ओरडायला लागला, गाडी आज संध्याकाळी पाहिजे म्हणून. सुतारानं घाईघाईत ड्रिल लावलं. दोन भोकं नीट पडली. तिसरं तिरकं गेलं. ते आम्हा दोघांनाही दिसलं. तो म्हणाला, “खिळा मारला की कोण बघतंय.”

मी पैसे दिले आणि सुरा ओढणीत गुंडाळला. बोलायला हवं होतं असं रिक्षात बसल्यावर वाटलं.

तिरकं भोक मी घरी कानशीनं थोडं रुंद केलं, तरी खिळा रेषेबाहेरच राहणार होता. लाकूड घासायला दोन दुपारी लागल्या. निळा रंग निघाला आणि खाली तांबूस, दाट रेषांचं लाकूड आलं. मी ते हातात धरून बघायचे, परत घासायचे. आई विचारायची, गॅलरीत काय करतेस इतका वेळ. मी सांगायचे, कॉल आहे, आत आवाज येतो.

खिळे ठोकायचा दिवस मी तिच्या भजनी मंडळाचा निवडला होता. ती लवकर परत आली. मी खाली लादीवर फडक्याची घडी ठेवून शेवटचा खिळा ठोकत होते, तेव्हा लॅचमध्ये किल्ली फिरली आणि त्याच क्षणी इंटरकॉम वाजला. आईनं तो उचलला. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या की दुपारच्या वेळी वर कोण ठोकतंय. आईनं गॅलरीच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्यात सुरा.

“नाही हो,” आई इंटरकॉमवर म्हणाली, “आमच्याकडं कोण ठोकणार? मुलीची मीटिंग चालू आहे.”

मग ती माझ्यासमोर लादीवर बसली. तिनं सुरा घेतला नाही. शिंग कुठे आहे ते विचारलं. मी बिस्किटांच्या डब्यातून दोन्ही तुकडे काढून दिले, आतल्या बाजूचे थर दाखवले, ती तांदळाची कणी दाखवली. पाण्यामुळे होतं हे, मी सांगितलं. कुणाच्याही घरी झालं असतं. तिनं बराच वेळ त्या कणीकडे पाहिलं. मला वाटलं तिला हलकं वाटेल. तिचा चेहरा उलट कडक झाला.

“हे तू काकांना सांगायचं नाहीस,” ती म्हणाली. “मी ऐकून घेईन. दहा मिनिटांचं ऐकणं असतं. पण तू बोललीस की तुझे बाबा मधे सापडतील, आणि त्यांना भावापुढं मान वर करता येत नाही. ते मला बघवत नाही.”

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

उरलेले दिवस आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही. मी लाकडाला जवसाचं तेल पाजलं, पात्याला शिलाई मशीनचं, मुठीतल्या फटीत मेण दाबलं. आईनं नवीन लाल फडकं आणलं, दोन वेळा उन्हात वाळवलं आणि स्वतः बांधलं. बाबांना तिनं सांगितलं असावं. ते एकदा फळीकडे पाहत उभे होते, मग माझ्याकडे वळले, काहीतरी म्हणतील असं वाटलं, आणि चहा मागितला.

खंडेनवमीला काका सकाळच्या गाडीनं आले, तांदळाची पिशवी आणि गावच्या झेंडूची टोपली घेऊन. नावड्याचे काका-काकू आले. हॉलमध्ये पाट मांडला. आईची विळी आणि कात्री, बाबांचा गोणी ओढायचा लोखंडी आकडा, माझा लॅपटॉप, आणि मध्ये ते गाठोडं. काका मला म्हणाले, “काय इंग्लिश मिडियम, बोलतीयास का न्हाई औंदा?” मी हसले. ते दरवर्षी हेच विचारतात.

मग त्यांनी गाठ सोडली.

सुरा त्यांनी वर धरला. पात्यावर खिडकीचा उजेड पडला आणि एक क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, खरा. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार तपासली. मग बोटं मुठीवर आली आणि थांबली. त्यांनी मूठ उलटी केली, सरळ केली. तिसऱ्या, रेषेबाहेरच्या खिळ्यावर त्यांचं बोट गेलं.

“ह्ये कुणी केलं?”

आई दारात होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “मी करून घेतलं, भाऊजी. गंजलं होतं.”

“माझ्या हातनं दिलं तवा धड हुतं,” काका म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते समजावल्यासारखं बोलत होते. हत्यार चार पिढ्या टिकलं, कुठल्या घरात काही झालं नाही. जमत नसेल तर न्हाई म्हणावं माणसानं, त्यात काय लाज. पुढच्या सालापासून ते गावीच ऱ्हाईल, तिथं निगा करणारी माणसं हायती. नावड्याच्या काकू फुलांचे देठ तोडत राहिल्या. आईची नजर खाली होती आणि तिचा चेहरा मला माहीत होता, मागच्या दारी भांडी घासतानाचा.

बाबा आकड्याकडे बघत होते. त्यांनी तो उचलला, टोकावरून बोट फिरवलं, परत ठेवला. “दादा,” ते म्हणाले. आम्ही सगळे थांबलो. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “पूजेची वेळ होतीय,” बाबा म्हणाले.

काकांनी पळी घेतली. तांब्यात दूधपाणी होतं. विळीवर एक पळी, कात्रीवर एक पळी, आकड्यावर एक. मग लॅपटॉप आला. पळी वर गेली तसे मधले काका हसून म्हणाले, अहो दादा, त्याच्यावर नको, बिघडंल ते. काकाही हसले. “व्हय रं, त्याला पाणी चालत न्हाई.” त्यांनी पळी मागे घेतली, चिमूटभर कोरडं कुंकू उचललं आणि लॅपटॉपच्या झाकणाला अलगद लावलं. सगळ्यांना ते बरोबर वाटलं.

पळी परत तांब्यात बुडाली. काठोकाठ भरली. काकांनी डाव्या हातानं सुरा जवळ ओढला, अंगठा त्या खड्ड्यावर ठेवला आणि पळी मुठीवर आणली. लाकडाच्या आणि पोलादाच्या मधली फट मी किती भरली होती ते मला माहीत होतं. पूर्ण भरली नव्हती. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

माझं इंग्रजी वाक्य तयार होतं, सभ्य, कुणाचंही नाव नसलेलं. ते मराठीत यायच्या आधीच माझा हात पुढे गेला आणि काकांच्या मनगटाला लागला. थोडं दूधपाणी पाटावर सांडलं.

“काका, हत्यारावर पाणी घालू नका,” मी म्हणाले. “ते आईच्या हातनं गंजलं नाही. दरवर्षी तुम्ही ते ओलं करता, आणि आपण सगळे तसंच बांधून ठेवतो.”